पाटावर पुजलेलं ग्राफिक्स कार्ड

माझ्या मित्राकडे दोन कॉम्प्युटर आहेत, हे मला कधीच सहन झालं नाही. आम्ही दोघेही लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, तो मुलुंडला आणि मी नाहूरला. शाळेत हाच माझ्या वहीतून गणितं उतरवायचा. आता त्याचा बाल्कनीत पडून असलेला दुसरा कॉम्प्युटर, आत ग्राफिक्स कार्ड नसतानाही, माझ्या रोजच्या कॉम्प्युटरपेक्षा देखणा आहे. त्याच्या रोजच्या कॉम्प्युटरबद्दल तर मी बोलतच नाही. त्यातलं नवं कार्ड विटेएवढं जाडजूड आहे आणि त्याला तीन पंखे आहेत.

माझं कार्ड जुनं. खंडेनवमीला मी ते धूळ झटकायला बाहेर काढलं, तर बायकोने ते पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या शेजारी पाटावर मांडलं आणि पूजा केली. पोटापाण्याची वस्तू, तिला मान नको का? दसऱ्याला मी घाईघाईत ते परत बसवलं आणि स्क्रीन काळीच राहिली.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. गेलं एकदाचं! पण बायको पक्की.

"तुझ्या मित्राच्या दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघ," ती म्हणाली. "तिथेही नाही चाललं तर नवीन घेऊ."

दुसऱ्या दिवशी कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून मुलुंड गाठलं. मित्राने बाल्कनीतला कॉम्प्युटर उघडला. आत धुळीचा कण नव्हता. वापरत नाही तो कॉम्प्युटरही हा माणूस पुसतो! कार्ड लावलं, स्क्रीन काळीच. मी मनातल्या मनात मांडे खायला लागलो, तीन पंख्यांचे.

"थांब रे, घाई काय आहे?" त्याने कार्ड काढून उजेडात धरलं. मग मुलीच्या कंपासमधलं खोडरबर आणलं आणि कार्डाची खाचेत बसणारी सोनेरी कडा घासायला लागला. खोडरबर पिवळंधमक झालं.

"यार, कार्डाला हळद कोणी लावली?"

त्याने कार्ड परत लावलं आणि स्क्रीन लख्ख उजळली. माझ्या घरी रुसून बसलेलं कार्टं लोकांकडे कसं शहाण्यासारखं वागत होतं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"गेलं गं," मी त्या उजळलेल्या स्क्रीनकडे बघत म्हणालो आणि फोन ठेवला.

मित्राने ऐकलं, पण रागावला नाही. त्याचं ते न रागावणंही मला खुपलं.

"नवीन घेणारच आहेस, तर हे मला दे ना," तो म्हणाला. "या कॉम्प्युटरला होईल."

तसं बघितलं तर काय बिघडत होतं? जुनं त्याला, नवं मला. पण त्याचा हा दुसरा कॉम्प्युटरही चालायला लागणार, तोही माझ्या कार्डावर, या विचारानेच माझ्या पोटात दुखायला लागलं. मी लगेच बायकोला फोन लावला.

"चालू झालं गं. मगाशी चुकून बोललो."

"बघ!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की मित्रालाही ऐकू गेलं. "पूजा केली म्हणून वाचलं. आता नवीन कशाला?"

मित्राने ते पिवळं खोडरबर माझ्यासमोर धरलं. हसू दाबून त्याचा चेहरा लाल झाला होता. मी कार्ड काढून घेतलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलं.

माझ्याकडे अजून तेच कार्ड आहे. त्याचा दुसरा कॉम्प्युटरही अजून कार्डावाचून बाल्कनीत पडून आहे, आणि गेलो की मी आधी तिकडे बघून घेतो.