पाटीवरून उतरलेला कोट

ती पहिल्यांदा माझ्या लक्षात आली ती वाचनालयात. समोर एक कागदी मासिक उघडं होतं आणि त्यातल्या झग्याच्या चित्रावर ती दोन बोटं टेकवून फाकवत होती. चित्र काही मोठं होईना. तिने पुन्हा बोटं फाकवली, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघी एकदमच हसलो.

"सवय लागलीय हो, बाई," ती म्हणाली. "घरी पाटीवर सगळं मोठं होतं. काजाचे टाकेसुद्धा दिसतात."

ती आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. तोवर आमची ओळख जिन्यातल्या हसण्यापुरतीच होती. त्या दिवसाची गोष्ट मी शेजारच्या पोरांना सांगितली आणि पोरांनी तिचं नाव झूमकाकू करून टाकलं. तिला ते आवडलंही.

पाटी म्हणजे टॅबलेट. हे नाव तिच्या नवऱ्याने ठेवलं. तो बस चालवतो आणि येताजाता सगळ्यांना ऐकवतो, "लोक पेन्शनच्या वयात पुस्तकं मिटतात, आमच्या हिने पाटी धरलीय." झूमकाकू दातांच्या दवाखान्यात फोन घेते, लोकांना वेळा देते. दुपारी दवाखाना दोन तास बंद असतो, तेव्हा डबा एका हाताने आणि मासिक दुसऱ्या हाताने. वाचनालयाच्या ॲपवर शिवणकामाची मासिकं फुकट येतात हे तिला कळलं, त्या दिवसापासून तिची दुपार तिची स्वतःची झाली. नवा अंक आला की ती आधी भराभर चाळते, मग पहिल्या पानापासून चवीने वाचते. कॉलर उलटवल्यावर कशी दिसते ते पान ती मुद्दाम दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवते. मी शाळेत शिकवायचे तेव्हा माझ्या वर्गातली काही मुलं गोष्टीचा शेवट असाच राखून ठेवायची.

हे सगळं छान चाललं होतं, पण घरात एक परीक्षक होती. तिची थोरली नणंद. बाजारात तिचं कपडे दुरुस्त करायचं दुकान आहे. हात पक्का, जीभ त्याहून पक्की.

"पुस्तकं वाचून शिवता आलं असतं ना वहिनी," ती म्हणायची, "तर मी कधीच दुकानाला कुलूप लावून तीर्थाला गेले असते."

या नणंदेचा उजवा खांदा एका जुन्या अपघातात उतरलेला. तयार कोट तिला घातला की एका बाजूने हँगरवरून घसरल्यासारखा दिसतो. म्हणून बाहेर जाताना ती खांद्यावरून शाल घेते, उन्हाळ्यातही. आणि आता दुकानदारांच्या संघाने तिला वार्षिक सभेत व्यासपीठावर बोलायला बोलावलं होतं. ती जायला तयार नव्हती. स्वतःची पाठ स्वतःला मापता येत नाही, आणि दुसऱ्या शिंप्यापुढे उभं राहायचं तर तिची मान खाली जाणार.

"वन्सं, मी शिवते तुम्हाला कोट," झूमकाकू बोलून गेली.

"तू? पाटीत बघून?"

"पाटीत बघून."

नणंदेने खांद्यावरची शाल सारखी केली. मग म्हणाली, "शिव. नाही बसला तर मी त्या सभेला जात नाही आणि तू माझ्यापुढे परत शिवणाचं नाव काढायचं नाही."

डिजिटल मासिकात कोटाचा नमुना होता. असा नमुना सुट्या पानांवर छापून घ्यायचा, पानं चिकटवायची आणि त्यावरून कापड बेतायचं. वाचनालयात छापून आणलेली पानं आम्ही तिच्या पुढच्या खोलीत जमिनीवर मांडली. मी चिकटपट्टी कापून देत होते, ती गुडघ्यांवर रांगत कडा जुळवत होती. चांगल्या कापडाला हात लावायच्या आधी जुन्या चादरीचा कोट करून बघायचा, असं तिने वाचनालयाच्याच ॲपवरून घेतलेल्या शिवणाच्या ई-पुस्तकात ठामपणे लिहिलेलं. तिने तो मन लावून केला.

नणंद आली, हात घातले, आणि कोट कोपराशीच अडला. ना पुढे ना मागे.

"छान आहे," नणंद म्हणाली. "बाहुली कुठाय?"

नवऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. झूमकाकूचा चेहरा मात्र त्या चादरीसारखा झाला होता. नणंद गेल्यावर ती पाटी घेऊन बसली, आणि बोटांनी एकेक कोपरा मोठा करत गेली. पहिल्याच पानाच्या कोपऱ्यात एक चौकोन होता. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: हा पाच सेंटिमीटर भरला पाहिजे. तिने छापलेल्या पानावर पट्टी ठेवली. चौकोन साडेचारच भरला. छापताना प्रिंटरने शहाणपणा करून चित्र पानात मावेल असं लहान केलं होतं, आणि कोटही त्याच्याबरोबर लहान झाला होता.

"म्हणजे माझा हात चुकला नाही!" ती ओरडली. इतक्या आनंदाने चूक सापडलेली मी शाळेतही पाहिली नाही.

पानं पुन्हा छापली. दुसरी चादर बळी गेली. या वेळी नणंदेच्या अंगात कोट शिरला, पण उजव्या बाजूला मानेपासून काखेकडे एक तिरकी घडी पडली. त्या घडीचा उपाय ई-पुस्तकात होता. झूमकाकूने पाटी उघडली, तर पुस्तक गायब. मुदत संपली की वाचनालयाचं ई-पुस्तक आपोआप परत जातं. दाराशी कुणी येत नाही, आठवण देत नाही.

"परत गेलं?" नणंदेने विचारलं. तिचा हात शालीकडे गेला होता.

"गेलं. पण पुढचा नंबर आपल्याच घरात आहे," झूमकाकू म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, तुमचा फोन."

तिने नवऱ्याचं खातंही वाचनालयात उघडलं होतं आणि त्याला आधीच रांगेत उभं करून ठेवलं होतं. वाचनालयातला माणूस त्याला एकदा म्हणालाही होता, "साहेब, तुम्ही फारच शिवता." फोनचा पडदा लहान, झूमकाकूचे दोन्ही हात टाचण्यांत अडकलेले. मग त्यानेच वाचायला घेतलं, थांब्यांची नावं पुकारावीत तसं.

"घडी जिरेपर्यंत खांद्याची शिवण बाहेरच्या टोकाला चिमटीत धरा."

"धरली."

"जेवढं चिमटीत आलं, तेवढाच बाहीचा मुंढा खाली उतरवा. ताई, हलू नकोस, गाडी वळणावर आहे."

"तू गाडी चालव, मला शिकवू नको," नणंद म्हणाली, पण हलली नाही. झूमकाकूने टाचण्या लावल्या आणि आरसा तिच्या पाठीमागे धरला. घडी गेली होती. नणंदेने समोरच्या आरशात ती पाठ बराच वेळ पाहिली. मग तिने फोन भावाच्या हातातून घेतला, आणि खांद्याच्या चित्रावर हळूच दोन बोटं फाकवली.

खरा कोट गडद निळा झाला, आतून राखाडी अस्तर. सभेच्या दिवशी मी दुसऱ्या रांगेत होते. नणंद शाल घेऊनच आली. नाव पुकारल्यावर ती उठली, शाल खुर्चीवर टाकली आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढली. कोट दोन्ही खांद्यांवर चपखल बसलेला. बोलली थोडंच, पण खणखणीत. खाली उतरल्यावर बाजारातल्या एका शिंप्याने कॉलर निरखत विचारलं, "कुणाचं काम?"

"आमच्या वहिनीचं," ती म्हणाली. "कोट हवा असेल तर रांगेत उभे राहा."

झूमकाकू माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होती. इतक्या जोरात, की पुढच्या रांगेने वळून पाहिलं.

हल्ली शनिवारी दुपारी ती नणंदेच्या दुकानात बसते. पाटी मशीनशेजारी उभी असते. पँट शिवण्याचं पुस्तक सध्या नवऱ्याच्या खात्यावर आहे, आणि त्याच्यामागे रांगेत नणंदेचा नंबर आहे.