आईनं लिहिलेले बारा लाख

आई आकडे शिकतेय. शहरात माझ्याकडे एकटीनं यायचं आणि बसचा नंबर कुणाला विचारायचा नाही, हा तिचा हट्ट. आज तिनं फरशीवर खडूनं एक ते सात लिहिले, पण मध्ये जागाच सोडली नाही. १२३४५६७. मला ते सात आकडे दिसेनात. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट दिसले.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी, तीही गणिताची. मी तिथंच उकिडवी बसून भाग लावत सुटले. तीननं जाईना, सातनं जाईना, अकरानं नाही, तेरानं नाही.

"चुकलं का गं?" आईचा चेहरा उतरला.

"नाही गं, बरोबर आहे. थांब जरा."

शेवटी एकशे सत्तावीसनं भाग गेला, बाकी शून्य. मी आनंदानं सांगितलं, तर ती फरशीकडं बघत म्हणाली, "मी कुठं लिहिलेत एकशे सत्तावीस?"

खरंच, कुठं होते ते? तिनं तर ओळीनं, शिस्तीत आकडे मांडले होते. ते आधीपासूनच त्यात होते, की मी शोधले म्हणून आले? भागाकार मला येतो, याचं उत्तर येत नाही. कॉलेजात हे कुणी विचारलंही नव्हतं.

तेवढ्यात आईनं सातला चिकटून आठ काढला. झालं, एकशे सत्तावीसनं आता भाग जात नाही; दोननं मात्र सरळ जातो, नऊनंही जातो. मग ते एकशे सत्तावीस गेले कुठं?

"सरक तिकडं," आई म्हणाली, "नऊ काढायला जागा दे."