बिनबटणांचे फ्रॉक

टेलरबाईंच्या हाताला तोड नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणीही उठून त्यांना नावं ठेवायचं. चौकाच्या कोपऱ्यावर पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. त्यांनी घातलेली शिवण उलट्या बाजूने बघितली तरी सुलट वाटायची. गिऱ्हाईक कापड टाकून वळलं की मागे मशीन सुरू झालेलंच असायचं. खोट काढायचीच तर एक होती: घाई. दुसऱ्याचं रेंगाळणारं काम बघितलं की त्यांचे हात शिवशिवायचे. "आण इकडे," म्हणत त्या ते हिसकावून घ्यायच्या आणि चुटकीसरशी पुरं करायच्या.

त्यांची लेक चिमी, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली, म्हणून तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. सकाळी शाळेची गाडी आणि दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक एकाच वेळी दारात येऊन उभी राहायची. मग टेलरबाईंनी डोकं लढवलं. चिमीच्या प्रत्येक कपड्याला त्यांनी इलास्टिक घातलं. फ्रॉक डोक्यावरून घातला की काम झालं. शाळेच्या शर्टाला बटणं दिसायची, पण ती नुसती शोभेची. पुढची पट्टी त्यांनी आतून शिवूनच टाकली होती. बूट बिननाडीचे. जेवण भरवायच्या त्या, दप्तराची चेन लावायच्या त्या, केळं सोलून द्यायच्याही त्याच. लेक राणीसारखी वाढत होती आणि टेलरबाईंना त्याचा कोण अभिमान!

बालवर्ग संपत आला तेव्हा शाळेतल्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. या बाई बोलायला मऊ, पण खरं ते सांगणाऱ्या.

"चिमी हुशार आहे. अक्षरं ओळखते, गोष्टी तर अशा सांगते की वर्ग गप्प बसतो. पण पेन्सिल मुठीत धरते आणि कागद फाटेपर्यंत दाबते. बोटांत पकड नाही, वळण नाही. असंच राहिलं तर तिला याच वर्गात आणखी एक वर्ष बसवावं लागेल. सुट्टीनंतर मी पुन्हा बघते."

 चिमीची शेजारची मैत्रीण पहिलीत जाणार होती आणि दोघींनी कुठल्या बाकावर बसायचं हेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

"घरी बटणं वगैरे स्वतः लावते का?" शाळेतल्या बाईंनी विचारलं.

"बटणं? बाई, तिच्या एकाही कपड्याला लावायचं बटण नाही. मी ठेवलंच नाही," टेलरबाई सवयीने ऐटीत म्हणाल्या. म्हणाल्या आणि जीभ चावली.  

माणूस शहाणं झालं तरी लगेच सुधारतं थोडंच! घरी येऊन टेलरबाईंनी चिमीचा हात आपल्या हातात धरला आणि अक्षरं गिरवून घ्यायचा सपाटा लावला. पानंच्या पानं भरली. अक्षर सुरेख, पण सगळं आईचं. आईने हात सोडला की पेन्सिल पुन्हा मुठीत. एका दुपारी चिमीने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "आई, माझे हात मठ्ठ आहेत." टेलरबाईंना भडभडून आलं. लेकीचे हात मठ्ठ नव्हते, त्यांना कधी कुणी कामच दिलं नव्हतं. आणि ते न देणारी दुसरी तिसरी कुणी नाही, आपणच, हे त्यांना लख्ख कळलं.

त्यांनी वही आवरून ठेवली. दुकानात शिकायला येणाऱ्या मुलींना त्या पहिल्या दिवशी कधी नवं कापड देत नसत. जुना कोट देत, उसवायला. चिमीलाही त्यांनी तेच दिलं. एकेक टाका नखाने उचलायचा, चिमटीत धरायचा, ओढायचा. फरशीवरच्या टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक त्यांनी कपाटात टाकलं आणि ते काम चिमीच्या बोटांवर सोपवलं. कापडाच्या चिंध्या कापायला बोथट कात्री दिली. आणि सगळे फ्रॉक उसवून काजं केली, बटणं लावली. आधी मोठी, मग जरा लहान.

मग सुरू झाली खरी परीक्षा, आणि ती आईची. चिमी एकेका बटणाशी झटापट करायची, गिऱ्हाईक दारात ताटकळायचं आणि टेलरबाई हात पाठीमागे बांधून उभ्या.

"अगं सूनबाई, लावून दे की ते एकदाचं," सासूबाई वैतागायच्या. "पोरीचं लग्न ठरेल तोवर."

"ठरू दे. बटण तीच लावेल," टेलरबाई म्हणायच्या आणि ओठ दाताखाली धरायच्या.

पण खरी जादू केली ती खडूने. कापडावर खुणा करायचा टेलरचा खडू चपटा, पातळ. मुठीत आवळला की कडकन मोडतो. तो अंगठा आणि दोन बोटांत हलकेच धरावा लागतो, दुसरा इलाजच नाही. टेलरबाईंनी भिंतीवर काळं अस्तर ताणून लावलं आणि म्हणाल्या, "फ्रॉकचा गळा काढ बघू." चिमीने बरेच खडू मोडले. कुणी रागावलं नाही. मग एके दिवशी खडू मोडेना. वरून खाली सुरेख वळसा घेत गळ्याची रेघ आली, मग बाहीचा मुंढा, मग पुन्हा गळा. अख्खं अस्तर भरून गेलं. सासूबाई चष्मा लावून जवळ गेल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "याचा एक झगा मलाही शिव हं."

त्यानंतर वळसे लहान होत गेले. अस्तरावरून पाटीवर, पाटीवरून कागदावर. अक्षरांची वळणं बोटांना आता अनोळखी राहिली नव्हती.

सुट्टी संपली. शाळेतल्या बाईंनी चिमीपुढे कागद ठेवला, फळ्यावर एक ओळ लिहिली आणि बाजूला झाल्या. टेलरबाई मागच्या छोट्या बाकावर कशाबशा मावल्या होत्या. चिमीने पेन्सिल उचलली, बोटांत फिरवून नीट धरली आणि लिहू लागली. मध्येच टोक मोडलं. टेलरबाई अर्ध्या उठल्या, आणि तशाच पुन्हा खाली बसल्या. चिमीने टोकयंत्र मागून घेतलं, टोक केलं, फुंकर मारली आणि पुढचं अक्षर काढलं. ओळ थोडी वर चढली होती, एक वेलांटी जरा लठ्ठ झाली होती. पण कागद कुठे फाटला नव्हता आणि प्रत्येक अक्षर तिचं स्वतःचं होतं.

ओळ संपली. चिमीने विचारलं, "अजून एक लिहू?"

"पुढची पहिलीत लिही," शाळेतल्या बाई म्हणाल्या. चिमीने खिडकीकडे धाव घेतली आणि बाहेर वाट बघत असलेल्या मैत्रिणीला ओरडून सांगितलं. सगळ्या आवारात बातमी झाली.

शाळेतल्या बाईंनी प्रवेशाचा कागद पुढे केला. "इथे आईची सही." टेलरबाईंनी पेन घेतलं. पण कोटाला कात्री लावताना कधी न चुकलेल्या त्या हातून पहिलं अक्षर पार वाकडं आलं. आनंदाने डोळे भरल्यामुळे पुढचं कुठे लिहायचं तेच दिसेना.

चिमी खिडकीकडून परत आली. कागदाकडे तिने बघितलं, आईकडे बघितलं. मग आईच्या शेजारी बाकावर टेकून बसली आणि म्हणाली, "सावकाश लिही. मी थांबते."