भन्ते त्या दिवशी जेवले नाहीत

भन्तेंना दुसऱ्याच्या मनातलं कळतं, अशी बोलवा आमच्या सोलापूरच्या वस्तीत उठली तेव्हा सगळ्यात आधी माझं डोकं फिरलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी बुद्धविहाराचा चिटणीस. दिवसा गिरणीत माग चालवायचा आणि संध्याकाळी लोकांना अंधश्रद्धा सोडा म्हणून सांगत फिरायचं, हा माझा नेम. अर्हतांच्या, म्हणजे मुक्त झालेल्या भिक्खूंच्या, सहा अभिज्ञा, त्यांच्या अलौकिक शक्ती, मी वाचल्या होत्या. परचित्त ओळखणं, मागचे जन्म आठवणं, हे वाचतानाच कपाळाला आठ्या पडायच्या. वर्षावासासाठी, पावसाळ्याच्या मुक्कामाला आलेल्या या भन्तेंना वस्तीतलंच कुणीतरी बातम्या पुरवतंय, अशी माझी पक्की शंका होती.

त्यातच माझ्या चार वर्षांच्या लेकीला गोवर निघाला. सांगायला लाज वाटते. गोवर म्हणजे देवी घरी आली, औषध दिलं की ती कोपते, पोरीला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, हे आईने लहानपणी मनावर बिंबवलेलं. याच खुळावरून मी चार घरी भांडून आलो होतो. पण लेकीचं अंग तापलं आणि माझं सगळं वाचन कुठल्या कुठे गेलं. अंथरुणाखाली कडुलिंबाचा पाला घातला, लुगड्याचा पडदा बांधला आणि बायकोला बजावलं, कुणाला कळता कामा नये. असे पाच दिवस काढले.

सहाव्या दिवशी भोजनदानाची पाळी नेमकी आमची. भिक्खू दिवसातून एकदाच जेवतात, तेही बाराच्या आत, म्हणून अकराची वेळ ठरलेली. भन्ते दहालाच आले आणि दारातूनच म्हणाले, “उपासक, जेवण राहू द्या. आधी मुलीला दवाखान्यात न्या.”

मी बायकोकडे असं पाहिलं की ती रडायलाच लागली. “मी न्हाय वो कुणाला सांगितलं! लेकीची शपत घेते की!” माझा विश्वास बसला नाही. भन्ते पडदा सारून म्हणाले, “उचला.” पोरीचा श्वास घरघरत होता. तो त्यांना रस्त्यावरून ऐकू आला असेल का? मला मात्र घरात बसून पाच दिवस ऐकू आला नव्हता.

छातीत कफ भरलाय, आणखी एक दिवस थांबला असतात तर पोर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. भन्ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. बारा वाजून गेले. संध्याकाळी लेकीने डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हाही ते उपाशीच तिथे होते आणि मी काय विचारावं? “भन्ते, तुम्हाला कुणी सांगितलं?”

ते हसले. “शेवटची अभिज्ञा कुठली, उपासक?”

“आस्रवक्षय. आपल्या मनातला मळ संपला, हे ज्याचं त्याला कळणं.”

“ती मला अजून साधलेली नाही. तुम्हाला आज आपल्या मनात काय दिसलं?”

“भीती, भन्ते. आणि मोठेपणा.”

“मग पुष्कळ दिसलं.”

त्यांना कसं कळलं, ते मला आजही ठाऊक नाही, आणि शंकेखोर स्वभावही काही गेलेला नाही. बायकोची मात्र मी त्याच दिवशी माफी मागितली. पुढच्या रविवारी विहारात सगळ्यांसमोर माझी चूक सांगितली. ज्यांच्याशी भांडलो होतो त्यांतल्या एकाने उठून “पोरगी कशी हाय आता?” एवढंच विचारलं, आणि मला रडू आवरेना. तोवर मी भन्तेंना रीत म्हणून वंदन करायचो. त्या रविवारी कपाळ जमिनीला टेकलं आणि कितीतरी वेळ मला उठावंसंच वाटलं नाही.