पर्समधलं मंगळसूत्र

मुलाखतीला जाताना मी मंगळसूत्र काढून पर्समध्ये टाकलं, हा माझा आयुष्यातला सगळ्यात बिनडोक पराक्रम. जोडवी निघेनात, तर एसटी स्टँडच्या नळावर साबण चोळून ओढून काढली. एवढी मोठी घोडी, आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली, आणि अक्कल म्हणाल तर आज माझ्या नातीच्या बाहुलीला तेव्हाच्या माझ्यापेक्षा जास्त असेल.

तलासरीजवळच्या त्या मोठ्या इंजिनीअरिंग कंपनीत लग्न झालेल्या बायकांना घेत नाहीत, बाळंतपणाची रजा द्यावी लागते, असं कुणीतरी सांगितलं होतं. नवरा डहाणूला ज्या फुग्यांच्या कारखान्यात होता तो बंद पडलेला. घरात नुसत्या पेजेवर दिवस चाललेले. ही नोकरी मिळाली नाही तर पुढे काय, हा विचारसुद्धा करवत नव्हता. अंगावर पिणारं बाळ सासूकडे ठेवून मी आमच्या गावाहून, चिखल्याहून निघाले. म्हटलं, दुपारच्या आत येते.

दुपार झाली तरी माझा नंबर नाही. बाकावर बसून छाती भरून दगडासारखी झाली. फाईल उराशी धरून बसले.

आत दोन साहेब आणि एक बाई. त्यांनी पंपाचं ड्रॉइंग पुढे ठेवलं, त्याचा छेद, म्हणजे मधून कापला तर आत कसा दिसेल ते, काढायला सांगितला. एका हाताने फाईल उराशी तशीच धरून मी काढला, पण रेघ सरळ आली.

"हात चांगला आहे," बाई म्हणाल्या. इकडे मी मनातल्या मनात पगार खर्चायलाही घेतला.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "लग्न झालंय?"

"नाही, साहेब."

"ठरलंय?"

"नाही. करायचंच नाही." विचारलं नव्हतं तेही देऊन टाकलं.

"आज सगळ्याच असं म्हणतात," साहेब म्हणाले. "आम्ही शिकवून तयार करतो, मग लग्न होऊन मुली जातात सुरतेला. आम्हाला इथलीच, संसारात पडलेली बाई हवी."

मी पर्स उघडली आणि मंगळसूत्र टेबलावर ठेवलं. "झालंय लग्न, साहेब. चिखल्यालाच राहते. मुलगाही आहे."

धाकट्या साहेबांनी मान लांब करून पर्समध्ये बघितलं. "तोही यातच आहे का?"

"मघाशी खोटं होतं, की हे खोटं?" मोठ्यांनी विचारलं.

मी फाईल खाली केली. ब्लाउज दोन्हीकडून भिजला होता. दोघेही साहेब एकदम खिडकीबाहेर बघायला लागले.

तिकडेच बघत मोठे साहेब म्हणाले, "काम येतं तुम्हाला. पण ड्रॉइंगवर लिहिलेलं माप खरं धरून आम्ही लोखंड कापतो. तुमच्या मापावर मी कसा विश्वास ठेवू? या तुम्ही."

"झाडू मारीन, साहेब. काहीही करीन," म्हणत मी पाया पडायला वाकले. बाईंनी दंडाला धरून मला दारापर्यंत आणलं.

घरी पोचले तेव्हा सासू ओटीवर बाळाला साखरपाण्याचा बोळा चोखवत होती. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. मी पायरीवरच बसले आणि हुंदके देत सगळं सांगायला लागले. लग्न लपवलं इथपर्यंत आले असेन, तर तिने बाळ उचलून माझ्या मांडीवर टाकलं.

"रडायचं ते मागनं रड. आधी ह्याला घे."