बीडच्या फुलाचं तिकीट

करीमभाई गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "अगं, पण टपाल खात्याचं उत्तर यायचंय ना!" आजही त्याची लाज वाटते... पण बीडच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस महिनोन्महिने त्या उत्तराची वाट बघत होता, आणि मीही त्याच्याबरोबर.

करीमभाईंना फुलांच्या टपाल तिकिटांचा भारी नाद. देशातल्या दुर्मीळ फुलांची तिकिटं त्यांनी एका वहीत जपली होती. घड्याळाच्या चिमट्याशिवाय कुणाला त्या तिकिटांना हात लावू देत नसत. एकदा सगळी वही चाळून झाल्यावर ते माझ्यावरच चिडले. "सर, हिमालयाची फुलं हायेत, केरळची हायेत. आपल्या बीडात काय नुसती बाभळच उगवती का?" मी शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, बोलून गेलो की आपल्या डोंगरात खर्चुडीचा वेल आहे, त्याला कंदिलासारखं फूल येतं. झालं! बीडच्या फुलाचं तिकीट निघालंच पाहिजे, हे त्यांनी मनावर घेतलं. टपाल खात्याला सूचना पाठवायची तर फोटो हवा, म्हणून कपिलधारच्या पुढं डोंगरात शेळ्या राखणाऱ्या धोंडिबाला आम्ही गाठलं.

"खर्चुडी दाखवतो का?" विचारल्यावर धोंडिबा "बसा की" म्हणून जो गेला, तो तासाभरानं त्या वेलाचे चार कंद खणून, धुऊन, सोलूनच परतला. शहरातले पाहुणे खर्चुडी मागतात म्हणजे खायलाच, यात त्याला शंका नव्हती. करीमभाईंनी कपाळावर हात मारला, आणि एक कंद खाल्ला. पाहुणचाराला नाही कसं म्हणायचं? "लई ग्वाड हाय," ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "तिकिटाला ह्याचाच डिंक लावा म्हणावं."

धोंडिबा ओशाळला. पुढच्या पावसाळ्यात त्यानं एका वेलाला काट्यांचं कुंपण घातलं आणि फूल आल्याबरोबर फोन केला. करीमभाई डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून वेलाशेजारी पालथे पडले, ते उठेचनात. "सर, आत बारीक केसं हायेत... माशी शिरली की अडकती. काय मशीन बसवलीय अल्लानं!" मी फोटो काढला, अर्ज लिहिला, खाली माझा पत्ता घातला. करीमभाईंनी पाकीट स्वतः जाऊन टाकलं.

गेल्या आठवड्यात उत्तर आलं. सूचनेबद्दल आभार, मात्र छायाचित्रात फूल नीट दिसत नाही, एक गृहस्थ दिसतात, केवळ फुलाचे छायाचित्र पाठवावे. मी त्याच फोटोची माझ्याकडची प्रत बघितली. खरंच की! फूल कुठंतरी कोपऱ्यात, आणि मधोमध करीमभाई, एक डोळा मिटलेला, तोंड उघडं, जन्मात कधी नव्हे इतके खूश. पाठवताना आम्हा दोघांनाही त्यात फक्त फूलच दिसलं होतं. त्या दिवशी मी पोटभर हसलो आणि मग बराच वेळ रडलो.

धोंडिबा म्हणतो, "यंदा बी फुलल, या." जाईन, फुलाचा नीट फोटो काढीन. पण सोबत करीमभाईंचा हा फोटोही पुन्हा जोडणार आहे. जिवंत माणसाचं तिकीट काढत नाहीत, असं करीमभाईच मला सांगायचे. ती अट तर त्यांनी आता पूर्ण केली आहे.