नवरात्र, दाढ आणि गोळ्या

ऐंशीच्या दशकातल्या एका नवरात्रात, सातव्या माळेच्या सकाळी, माझ्या वहिनीचे डोळे पिवळे दिसले. आदल्या दिवसापासून तिला उलट्या होत होत्या.

भाऊ मुंबईला नोकरीत होता. रत्नागिरीच्या घरी आई, वहिनी आणि मी. वहिनीचा उपास कडक असे, नऊ दिवस पाणी आणि कोरा चहा. त्या वर्षी पहिल्याच माळेला तिची दाढ ठणकू लागली. दाढ काढायची तर रक्त येणार; घट बसलेले असताना ते नको, म्हणून काढणे दसऱ्यानंतर ठरले. तोवर पॅरासिटामॉलच्या गोळ्या मीच आणून दिल्या.

"उपासाला चालते ना गोळी?" मी विचारले होते.

"गोळी म्हणजे काय पुरणपोळी, भावोजी?"

पिवळे डोळे पाहून आई म्हणाली, देवरूखकडे एक जण कावीळ उतरवतो, तिकडे नेऊ. पण वहिनीला एसटीत बसवणे शक्य नव्हते. मी रिक्षाने तिला शहरातल्याच रुग्णालयात नेले.

"गोळ्या किती घेतल्यात?" डॉक्टरांनी विचारले.

"दिवसाला आठ. कधी दहा."

"आणि जेवण?"

"नवरात्र आहे," वहिनी म्हणाली.

डॉक्टरांनी समजावले. गोळीच्या थोड्या भागाचे यकृतात विष होते. ते निकामी करणारा साठा यकृत अन्नातून भरून काढते. सहा दिवस गोळ्या जात होत्या, साठा भरत नव्हता. गोळ्या बंद, सलाइन सुरू, आणि शुद्धीवर आहे तोवर पोटात अन्न हवे. यकृत सावरते की नाही ते दोन-तीन दिवसांत कळेल, हे त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितले.

वहिनी अन्नाला तयार होईना. "तीनच माळा राहिल्यात."

संध्याकाळी आई डब्यातून भाताची पेज घेऊन आली. देवीपुढचा दिवा तिने शेजारणीवर सोपवला होता.

"पी गो. तुझा उपास आता मी धरलाय."

"तुम्हाला रोज गुडघ्याची गोळी लागते, आई."

"ती दसऱ्यापर्यंत बंद. तोंड उघड."

वहिनीने चार चमचे पेज घेतली. रात्री आणखी अर्धी वाटी.

नवव्या माळेला उलट्या थांबल्या. दसऱ्यानंतर दुसऱ्या आठवड्यात तिला घरी सोडले. आईने उपासाच्या दिवसांत गोळी घेतली नाही. जिना ती बसून उतरत होती.

दाढ दिवाळीनंतर काढली. त्या सकाळी वहिनी जेवून गेली होती.